आई-बाबांसकट कॅरिबियन क्रूझ : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

भारतातून आई-बाबा अमेरिकेत आले की पहिले तीन आठवडे नायगारा, न्यूयॉर्क, देऊळ आणि कॉस्टको यांत निघून जातात. मग कंटाळा सुरू होतो. बाबा खिडकीतून समोरचा रिकामा फुटपाथ बघत बसतात, आई फ्रीजमधल्या डब्यांच्या जागा बदलत राहते, आणि एक दिवस कुणीतरी क्रूझचं नाव काढतं. आमच्याकडे ते सासूबाईंनी काढलं. "समुद्रावर नुसतं बसून राहायचं असतं ना? ते मला जमेल," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही सात जण गेलो : माझे आई-बाबा, सासूबाई, आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मायामीहून निघून सहा रात्रींनी परत मायामी. मध्ये जमैका, ग्रँड केमन आणि मेक्सिकोचं कोझुमेल बेट. चुका भरपूर झाल्या, म्हणून हे लिहितोय.

तीन पिढ्या एकत्र निघाल्या की गाडीतली सहल जड जाते. एकाला भूक लागली की सातही जणांनी थांबायचं. जहाजावर हे सुटतं. ज्याला पोहायचंय तो पोहतो, ज्याला डुलकी काढायचीय तो डुलकी काढतो, आणि रात्री सगळे एका टेबलावर जेवायला भेटतात. सगळी आखणी याच हिशेबानं करा. दिवसा पांगायचं, रात्री जमायचं. "सगळ्यांनी सगळं मिळूनच करायचं" हा हट्ट धरलात तर सहा रात्री फक्त भांडायला पुरतील.

कागद आधी, जहाज नंतर

स्वस्त तिकीट दिसलं की आपण आधी पैसे भरतो आणि मग व्हिसा बघतो. इथे उलट करा. जहाज फ्लोरिडाहून सुटून फ्लोरिडातच परत येत असलं तरी तुम्ही अमेरिका सोडून पुन्हा आत येताय, हे डोक्यात पक्कं बसवा.

आई-बाबांचा बी-टू, म्हणजे पर्यटक व्हिसा बहुतेक वेळा दहा वर्षांचा, मल्टिपल एंट्रीचा असतो. तो चालू असेल तर सहसा अडचण येत नाही. पासपोर्ट मात्र सहलीनंतरही किमान सहा महिने चालणारा हवा.

खरी मेख आपल्यासारख्यांची आहे. एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अनेकांचा पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप संपलेला असतो आणि हातात फक्त आय-७९७ हे इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र असतं. अशा वेळी "तीस दिवसांच्या आत परत आलं तर जुन्या स्टँपवर येता येतं" असं कुणीतरी मित्र छातीठोकपणे सांगतो. नियम आहे, पण एच वाल्यांसाठी तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरता आहे. शेजारच्या बेटांची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, आणि त्यातूनही क्युबा वगळलेला. म्हणजे यादीत जमैका किंवा केमन असेल तर स्टँप संपलेल्या एच-वन-बी किंवा एच-फोर (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वाल्यानं इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय डिपॉझिटसुद्धा भरू नये. स्टेटस बदलायचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर देश सोडला की तो अर्ज तुम्ही सोडून दिलात असं धरलं जातं. हेही आधीच बघा.

मग उतरायच्या देशांचं. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जमैकाला व्हिसा लागत नाही. मेक्सिकोला चालू अमेरिकन व्हिसा पुरतो. बाकी प्रत्येक बंदराचं क्रूझ कंपनीकडून आणि त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तपासा. तपासताना "भारतीय नागरिक" हेच निवडा, कारण जहाजावरच्या बहुसंख्य लोकांना लागू होणारी माहिती अमेरिकन पासपोर्टवाल्यांची असते. कागद कमी पडला तर बेटापर्यंत पोचायचा प्रश्नच येत नाही. मायामीच्या काउंटरवरूनच परत पाठवतात आणि पैसेही सहसा मिळत नाहीत.

मुलांसोबत एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागला की आईलाही नाही.

कधी जायचं

कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सर्वांत जोर सप्टेंबरच्या सुमारास. त्या दिवसांत तिकिटं स्वस्त असतात ती उगाच नाही. जहाज वादळात शिरत नाही, ते वळसा घालून जातं. पण मग तुम्ही ज्या बेटासाठी निघालात ते बेट गळतं आणि त्याऐवजी दुसरंच बंदर लागतं. कंपनीला तसा अधिकार करारातच असतो. नाताळ आणि मार्चची सुट्टी सर्वांत महाग आणि गर्दीची. आई-बाबा एप्रिलमध्ये येत असतील तर मेचा पहिला पंधरवडा गाठा. आम्ही तोच गाठला. मुलाची शाळा बुडवली आणि त्याबद्दल घरात कुणीही दुःख व्यक्त केलं नाही.

केबिन

चार प्रकार असतात : आतली बिनखिडकीची, बंद खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस खोली. सगळ्यांना बाल्कनी घ्यायची गरज नाही. आजी-आजोबांना बाल्कनीची केबिन द्या आणि स्वतः तिच्याच समोर, कॉरिडॉरच्या पलीकडे, आतली स्वस्त केबिन घ्या. दिवसभर तुम्हीही त्यांच्याच बाल्कनीत बसणार आहात. बाबा पहाटे पाचला उठून तिथे उभे असायचे. सहा दिवसांत त्यांनी टीव्ही एकदाही लावला नाही.

जहाजाचा मधला भाग आणि खालचे डेक कमी हलतात. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी तेच बघा. डेक प्लॅन उघडून वर-खाली काय आहे ते पाहा. डोक्यावर पूल डेक असेल तर भल्या सकाळी खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, आणि खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल.

बाथरूम म्हणजे एसटीच्या दोन सीटांएवढी जागा. संडासात पाण्याचा मग नाही, जेट नाही. याबद्दल कुठलंही माहितीपत्रक बोलत नाही, म्हणून मी बोलतो : दाबून वापरायची प्रवासी बाटली माणशी एक घ्या. सासूबाईंनी सहलीनंतर सर्वांत जास्त कौतुक त्या सहा डॉलरच्या बाटलीचं केलं.

जाहिरातीतली किंमत आणि खरी किंमत

जाहिरातीत दिसतो तो फक्त गाभा. त्यावर बंदराचे कर असतात आणि माणशी, दर रात्रीची टीप असते, साधारण १६ ते २० डॉलर. ती लहान मुलांनाही लागते. आमच्या सात जणांचे सहा रात्रींचे साडेसातशे डॉलरच्या आसपास झाले. ही रक्कम स्वच्छता करणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांत वाटली जाते, म्हणून ती काढून टाकायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका.

ड्रिंक्स पॅकेजच्या मोहात पडू नका. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढानं घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. संध्याकाळी एक बिअर पिणाऱ्यासाठी तो सरळ तोटा आहे. पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत फुकट असतं.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. सगळ्यांचे म्हणजे आईचाही. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं सेल्युलर नेटवर्क असतं आणि ते फोनला आपोआप सापडतं. आमच्या आईनं पुण्याच्या मावशीला "पोचलो गं" म्हणून फोन लावला आणि मावशीनं गुडघ्याच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं. तो फोन आम्हाला जमैकाच्या सहलीपेक्षा महाग पडला. वाय-फायचं पॅकेज एक माणूस, एक उपकरण असं घ्या आणि घरात आळीपाळीनं वापरा.

विम्यावर कंजुषी करू नका. आई-बाबांसाठी अमेरिकेचा व्हिजिटर इन्शुरन्स घेतलेला असतो, पण तो जहाजावर आणि बेटांवर चालतो का हे कंपनीकडून लेखी घ्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी तुमच्या खोलीच्या खात्यावर पडतं, विम्याकडून नंतर मागायचं. समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च पॉलिसीत आहे ना, ते बघा. बीपी-शुगर असेल तर पॉलिसी डिपॉझिट भरल्यावर लगेच घ्या. उशीर केला तर जुन्या आजारांचं कलम आडवं येतं.

बॅगेत काय नको

जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून इस्त्री, किटली, छोटा कुकर, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन कॉर्ड, मेणबत्ती, सगळं बंद. आणि उदबत्तीसुद्धा. आईच्या बॅगेत निरांजन, वाती आणि तुपाची छोटी बाटली होती. मी घरीच पाहिलं म्हणून बरं, नाहीतर टर्मिनलवर बॅग बाजूला काढली असती. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा घेतला. तो सहा दिवस आरशासमोर लिपस्टिकशेजारी उभा होता.

घरी केलेलं खाणं बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत. दुकानातली बंद पाकिटं चालतात. बाकरवडी, चिवडा, चहाचा मसाला असं घ्या. आलेपाक जरूर घ्या, मळमळीवर तो उपयोगी पडतो. त्यानं न भागल्यास मेक्लिझिनच्या गोळ्या, पण वयस्कर माणसांना त्या देण्याआधी त्यांच्या डॉक्टरला विचारा. झोप फार येते.

एक गंमत : केबिनच्या भिंती पोलादी असतात. फ्रीजला लावतो तसे चुंबकाचे हुक नेले की ओल्या टॉवेलांपासून जपमाळेपर्यंत सगळं टांगता येतं.

चढायचा दिवस

विमानानं येणार असाल तर आदल्या दिवशीच या. जहाज तुमच्या उशिरा आलेल्या विमानासाठी थांबत नाही. बॅगांना छापील टॅग लावून टर्मिनलबाहेरच पोर्टरकडे द्यायच्या, बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायचे. त्या बॅगा केबिनपाशी येतात थेट संध्याकाळी. म्हणून पासपोर्ट, औषधं, मुलांचे पोहायचे कपडे आणि आजीचा स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा. स्वेटर का? कारण बाहेर बत्तीस अंश आणि आत डायनिंग रूममध्ये माथेरान.

मग मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. हे कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका, टाळताही येत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला घासून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळीच चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांना पाठ करून घ्या. आजी-आजोबांना आपलं जमायचं ठिकाण जिन्यानं चालत नेऊन दाखवा. संकटात लिफ्ट वापरायची नसते आणि एरवी ते लिफ्टशिवाय कुठेच जाणार नाहीत.

जेवण

बुकिंग करतानाच "इंडियन व्हेजिटेरियन" किंवा "जैन" अशी नोंद करा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. दुसरं सांगणं महत्त्वाचं, कारण नोंद संगणकात असते आणि जेवण माणूस आणतो. उद्या काय हवं ते आज रात्रीच सांगायचं, म्हणजे स्वयंपाकघराला वेळ मिळतो.

जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. आमच्या टेबलाचा असिस्टंट वेटर मडगावचा निघाला. पहिले दोन दिवस आई पास्त्यातलं चीज काट्यानं बाजूला करत होती आणि तो लांबून बघत होता. तिसऱ्या रात्री तो पांढऱ्या रुमालाखाली झाकलेली बशी घेऊन आला. वरण, भात, तुपाच्या जागी वितळलेलं बटर, आणि कडेला लिंबाची फोड. सासूबाईंनी आधी त्या फोडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" पुढची दहा मिनिटं तो कोकणीत आणि त्या मराठीत बोलत होत्या. शेजारच्या टेबलाचं सूप गार झालं. टेबल ठरलेलं आणि वेळ ठरलेली घ्या, असं मी सांगतो ते यासाठी. रोज नवं टेबल मिळणारी सोय तरुण जोडप्यांसाठी ठीक. आई-बाबांना ओळखीचा चेहरा लागतो.

बुफेत शिरण्याआधी साबणानं हात धुवा. दाराशी सॅनिटायझर असतो, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्य संस्था अचानक तपासणी करते आणि १०० पैकी गुण देते. ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. तुमच्या जहाजाचे गुण सीडीसीच्या संकेतस्थळावर बघता येतात. बाबांना ही प्रगतिपुस्तकाची कल्पना इतकी आवडली की त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या जहाजांचेही गुण काढले.

बेटं

बंदरात उतरण्याआधी एकच गोष्ट पक्की करा : जहाजाची वेळ. जमैका, केमन आणि कोझुमेल इथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, फ्लोरिडात करतात. मार्च ते नोव्हेंबर या बेटांवर तुमचा फोन आपोआप एक तास मागे जाऊ शकतो. जहाज मात्र मायामीच्या वेळेवर असेल तर फोनवर चार वाजलेले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि ते घरातल्या सर्वांत वक्तशीर माणसाच्या हातात बांधा. आमच्याकडे अर्थातच बाबा.

कंपनीची सहल घ्यावी की आपापलं फिरावं? कंपनीची महाग असते, पण ती उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लांबचं ठिकाण असेल तर कंपनीची घ्या, जवळचा किनारा असेल तर टॅक्सी.

जमैकात ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर धबधबा आहे. साधारण १८० मीटर लांब, पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरणारा. लोक हातात हात घालून साखळी करून वर चढतात. मुलाला स्वर्ग, आजोबांच्या गुडघ्यांना नाही. बाजूनं जिने आहेत, तिथून बघता येतं. पाण्यातले बूट घेऊन जा, तिथे भाड्यानं महाग पडतात. बाजारात मात्र आजी-आजोबांना न्याच. १८४५ पासून भारतातून करारावर आणलेले मजूर या बेटावर आले आणि त्यांच्यामागे रोटी आणि करी इथे रुजली. आपली बोरं इथे "कुली प्लम" म्हणून विकतात. नाव ऐकून बाबा जरा गप्प झाले, मग एक खाऊन म्हणाले, "बोरंच आहेत."

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज बाहेर नांगरतं आणि टेंडर नावाच्या लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. बोट हलते, पायरीवर मधे फट असते, आणि समुद्र खवळला तर हे बंदर रद्द होतं. काठी वापरणाऱ्या माणसाला आधीच कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करा, ते दोन्ही बाजूंनी धरून नीट उतरवतात. शेवटच्या टेंडरची वेळ लिहून घ्या. इथलं स्टिंगरे सिटी चुकवू नका. पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे आणि फेकलेल्या तुकड्यांसाठी पाकटं, म्हणजे स्टिंगरे मासे, जमायची. ती सवय टिकली. वाळूच्या उथळ पट्ट्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की ती पायांना घासून जातात, ओल्या मखमलीसारखी. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवरून घसटत न्यायचे, म्हणजे चुकून पाकटावर पाय पडत नाही. परतताना बाबांनी टॅक्सीत समाधानानं सांगितलं, "इथे गाडी बरोबर बाजूनं चालवतात." केमन आणि जमैकात वाहनं डावीकडून चालतात.

कोझुमेलला काही जण तुलुमचे अवशेष बघायला निघतात. आधी मुख्य भूमीपर्यंत पाऊण तासाची फेरी, मग पुढे बस. आई-बाबांसोबत हे करू नका. बेटावरच सान हेर्वासियोचे माया अवशेष आहेत, इश्चेल या देवीचं जुनं तीर्थक्षेत्र. ते बघा, नाहीतर चांकानाब बागेत सावलीत बसा.

शेवटची रात्र

बिल आदल्या संध्याकाळीच ॲपवर किंवा काउंटरवर नीट वाचा. आमच्या खात्यावर कुणा दुसऱ्याच्याच दोन कॉकटेल होत्या. रात्रीच मिटलं. सकाळी रांग दारापर्यंत असते. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. बुफेतलं सफरचंद, बेटावरून घेतलेली फळं काहीही खाली न्यायचं नाही, अमेरिकेचे कस्टमवाले सोडत नाहीत.

मोठ्या बॅगा रात्री अकराच्या आत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या. त्या थेट टर्मिनलमध्ये मिळतात. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा : सकाळी घालायचे कपडे बाहेर काढून ठेवा. आमच्या बाबांनी शिस्तीत, साडेनऊलाच, घड्या घालून सगळं बॅगेत भरलं आणि बॅग बाहेर ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी ते मायामीच्या अधिकाऱ्यासमोर नाडीचा पायजमा, बनियनवर माझं जॅकेट आणि फॉर्मल नाइटचे, म्हणजे नटूनथटून जेवायच्या रात्रीचे, काळे बूट अशा थाटात उभे होते. "काही डिक्लेअर करायचंय?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "आधी बॅग मिळू द्या."